श्वानगाऊच्या ढालीवरचा हंस कुणाचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. म्युनिकहून आई-बाबांना घेऊन तुम्ही नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघायला गेलात. पायथ्याच्या श्वानगाऊ गावात लाल ढालीवर पांढरा हंस असं गावाचं चिन्ह दिसलं. सोबतचा गाइड म्हणाला, हा किल्ला बांधणाऱ्या बव्हेरियाच्या राजा लुडविगला हंसांचं वेड होतं म्हणून गावाने हंस घेतला. बाबा म्हणाले, हंस म्हणजे शुद्धता आणि विवेक, लाल म्हणजे शौर्य. तुम्हाला दोन्ही पुरतं पटलं नाही. त्यात मंडळाच्या सहलीच्या टी-शर्टवर हेच चिन्ह छापायचं घाटतंय, तेव्हा त्याचा खरा अर्थ काय, असं तुम्ही विचारलंत.

मी बव्हेरियात एका जिल्हा अभिलेखागारात काम करते. जुन्या मुद्रा, हद्दीचे कागद, गावसभेचे ठराव यांत माझा दिवस जातो, आणि गावाच्या ‘वापन’बद्दल, म्हणजे ढालीवरच्या मानचिन्हाबद्दल, लोक सतत विचारत असतात. बहुतेकांचा प्रश्न तुमच्यासारखाच असतो: याचा अर्थ काय? मी त्यांना प्रश्न जरा फिरवायला सांगते. हे चिन्ह आधी कुणाचं होतं? त्याने ते कशावर उमटवलं? आणि गावाकडे ते कोणत्या वाटेने आलं? एवढं हाती लागलं की अर्थाचं कोडं बहुधा सुटतं. कधीकधी असंही लक्षात येतं की निराळा अर्थ असा कुणाच्या मनात नव्हताच.

श्वानगाऊपुरतं उत्तर सरळ देऊन टाकते. हा हंस लुडविगचा नाही. लुडविग जन्मला १८४५ साली. त्याच्या आधी पाचशे वर्षं तरी हंस या खोऱ्यात होता, आणि तो श्वानगाऊच्या सरदार घराण्याचा होता. राजामुळे गावाला हंस मिळाला नाही. गावाच्या जुन्या हंसाने राजघराण्याला नादी लावलं, असं म्हणणं जास्त खरं ठरेल.

फ्युसेनजवळ लेख नदी आल्प्समधून बाहेर पडते आणि डोंगर संपून एकदम सपाटी लागते. इटलीकडे जाणारा जुना रस्ता इथूनच जायचा, त्यामुळे जागा मोक्याची. तिथे मध्ययुगात श्वानगाऊचे सरदार राहत. (जर्मनमध्ये ‘श्वान’ म्हणजे हंस. देवनागरीत वाचताना कुत्रा आठवला तर हसा आणि पुढे चला.) आधी ते वेल्फ घराण्याच्या पदरी होते, नंतर होहेनश्टाउफेन सम्राटांच्या. त्यांच्यातला सर्वांत प्रसिद्ध माणूस मात्र लढाईमुळे लक्षात राहिलेला नाही. हिल्टबोल्ट फॉन श्वानगाऊ हा १३व्या शतकातला, प्रेमगीतं रचणारा सरदार-कवी. त्याचं चित्र ‘कोडेक्स मानेसे’ या हस्तलिखितात आहे. हे हस्तलिखित झ्युरिचमध्ये साधारण १३०० ते १३४० या काळात तयार झालं आणि आज हायडेलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथालयाने त्याचं पान न् पान इंटरनेटवर खुलं ठेवलंय. हिल्टबोल्टचं पान जरूर उघडून, मोठं करून बघा.

दोन स्त्रियांच्या मधे हा गडी नाचतोय. अंगरख्यावर हंस आहेत, आणि डोक्यावर चक्क लढाईतलं बंद शिरस्त्राण, त्यावर तुरा. नाचताना शिरस्त्राण कशाला, असं वाटणारच. पण चित्रकाराला चेहरा दाखवायचाच नव्हता. माणूस कोण, ते हंसाने सांगायचं होतं. बाराव्या शतकात ही ढालीवरची चिन्हं युरोपभर पसरली ती याच कामासाठी. लोखंडात झाकलेला माणूस दुरून ओळखू यावा, आणि त्याने कागद केला तर तो त्याचाच आहे हे मुद्रेवरून पटावं. एरवी अर्थ लावत बसायला फुरसत कुणाला होती?

आता, निव्वळ या एका चित्रावर मी काहीही ठामपणे सांगणार नाही. हस्तलिखित तयार झालं तेव्हा त्यातले कितीतरी कवी जाऊन पिढ्या लोटल्या होत्या. ज्यांचं चिन्ह ठाऊक नव्हतं त्यांना चित्रकारांनी स्वतःच्या कल्पनेने एखादं देऊन टाकलं. म्हणून असं चित्र हा एक साक्षीदार धरायचा आणि दुसरा शोधायचा. श्वानगाऊच्या बाबतीत एक गोष्ट पथ्यावर पडते. हे घराणं कल्पित नव्हतं, चित्र काढलं जात होतं तेव्हाही नांदतं होतं, आणि हंस त्यांच्या नावातच होता.

दुसरा साक्षीदार म्हणजे मुद्रा. जुन्या दस्तऐवजाच्या खालच्या कडेला चर्मपत्राची पट्टी ओवलेली असते आणि तिला मेणाची चकती लोंबत असते. ती हातात घेतली की पहिल्यांदा काहीच दिसत नाही, नुसता तपकिरी उंचवटा. खोलीतला दिवा मालवायचा आणि बॅटरी अगदी आडवी, मेणाच्या पातळीला धरायची. मग सावल्या पडतात. ढालीची कड उठून येते, आत पक्ष्याची मान, पाय, पंखाची रेघ. काठावरून फिरणारी अक्षरं बहुधा एका छोट्या क्रूसापासून सुरू होतात. त्यानंतर मुद्रा या अर्थाचा लॅटिन शब्द, बऱ्याचदा नुसतं त्याचं पहिलं अक्षर, आणि मग मालकाचं नाव. चिन्ह कुणाचं याचा याहून चांगला पुरावा नाही, कारण ज्याचं चिन्ह त्यानेच ते आपल्या कागदावर उमटवलेलं असतं.

मेण एक गोष्ट मात्र सांगत नाही, ती म्हणजे रंग. हंस आहे हे मुद्रेवरून कळतं, पण ढाल लाल की निळी हे नाही. त्यासाठी रंगवलेली चिन्हांची पुस्तकं, थडग्यांवरचे दगड, चर्चमधल्या काचा धुंडाळाव्या लागतात. १६३८ मध्ये पेत्रा सांक्ता नावाच्या इटालियन जेझुइट पाद्र्याने छापलेल्या चित्रात रंग दाखवायची रेघांची पद्धत पुस्तकातून मांडली, ती आजही चालते. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोनेरी, कोरं म्हणजे रुपेरी किंवा पांढरा. जुन्या काळ्या-पांढऱ्या छापील चित्रात कोऱ्या हंसामागे उभ्या रेघा दिसल्या, तर तो लाल ढालीवरचा पांढरा हंस. एवढं कळलं तरी जर्मनीतल्या जुन्या इमारतींवरची निम्मी कोरीव चिन्हं तुम्हाला रंगीत दिसायला लागतील.

मग सरदारांनी हंसच का घेतला? नावावरून. नाव बोलून दाखवणाऱ्या अशा चिन्हाला इथे ‘बोलकं चिन्ह’ म्हणतात. प्रकार फार जुना आणि फार सामान्य आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही हंस दिसला की श्वानगाऊ कळावं, एवढाच हिशोब. म्युनिकचं चिन्ह भिक्षू आहे, कारण नावात भिक्षू आहेत. १२३९ च्या मुद्रेत तो दिसतो. नेकार नदीकाठच्या एबरबाखच्या ढालीवर रानडुक्कर आहे, कारण ‘एबर’ म्हणजे रानडुक्कर आणि ‘बाख’ म्हणजे ओढा. बर्लिनचं अस्वल तर गमतीदार. शहराचं नाव मुळात स्लाव्ह भाषेतलं, दलदलीवरून आलेलं मानलं जातं. पण जर्मन कानाला त्यात अस्वल ऐकू आलं, आणि १२८० च्या मुद्रेपासून अस्वल आहे ते आजवर. व्युत्पत्ती चुकीची, चिन्ह पक्कं! उलटं उदाहरण श्वाइनफुर्टचं. नावात सरळ डुक्कर दिसतं, पण ते थेट सम्राटाच्या अधिकारातलं मुक्त शहर होतं, त्यामुळे त्यांच्या ढालीवर गरुड बसलाय. म्हणून नाव हा पहिला धागा धरावा, शेवटचा नाही.

पुढची गोष्ट वेगाने सांगते. १६व्या शतकात श्वानगाऊचं घराणं संपलं. जहागीर आउग्सबुर्गच्या पाउमगार्टनर या धनाढ्य व्यापारी घराण्याकडे गेली, आणि त्याच शतकात बव्हेरियाच्या विटल्सबाख राजघराण्याकडे आली. डोंगरावरचे किल्ले हळूहळू ढासळले. हंस वागवणारं कुणी उरलं नाही, पण गावाचं नाव आणि त्या नावातला हंस तसाच राहिला.

तुमच्या गाइडची गोष्ट उलटी कशी झाली ते इथून पुढे कळतं. १८३२ मध्ये बव्हेरियाचा युवराज माक्सिमिलिआन याने तिथला एक पडका किल्ला विकत घेतला आणि डागडुजी करून, खरं म्हणजे जवळजवळ नव्याने बांधून, राहण्याजोगा केला. तोच आजचा पिवळा होहेनश्वानगाऊ. तो काळ मध्ययुगाच्या प्रेमात पडलेला. हंसवाल्या सरदारांची जागा आपल्या ताब्यात आलीय म्हटल्यावर माक्सिमिलिआनने हंसाचं भांडवल केलं. बागेत हंसाचं कारंजं आलं, आणि एका दालनाच्या भिंतींवर हंस-सरदार लोहेनग्रीनची कथा रंगवून घेतली. लोहेनग्रीन म्हणजे हंसाने ओढलेल्या नावेतून संकटातल्या राजकन्येच्या मदतीला येणारा, आपलं नाव विचारू नका अशी अट घालणारा योद्धा. ती मूळ कथा घडते ब्राबांटमध्ये, आजच्या बेल्जियमच्या बाजूला, अँटवर्पकडे. आल्प्सच्या पायथ्याशी तिचा काही संबंध नाही. संबंध जोडला तो एकोणिसाव्या शतकातल्या राजपुत्राने, आणि हाताशी दुवा काय, तर दोन्हीकडे हंस!

माक्सिमिलिआनचा मुलगा लुडविग त्या भिंती बघत लहानाचा मोठा झाला. जर्मन संगीतकार रिखार्ड वाग्नरचा ‘लोहेनग्रीन’ हा ऑपेरा १८५० मध्ये वायमारला पहिल्यांदा झाला, आणि पंधरा वर्षांच्या लुडविगने तो म्युनिकला १८६१ मध्ये पाहिला. तो भारावून गेला यात नवल नाही, पण कथा त्याला नवी नव्हती. घरच्या भिंतीवर होती. पुढे राजा झाल्यावर १८६९ मध्ये समोरच्या कड्यावर, जुन्या किल्ल्याच्या अवशेषांच्या जागी, त्याने नवा किल्ला बांधायला घेतला. त्याला तो ‘नवा होहेनश्वानगाऊ’ म्हणायचा. नॉयश्वानस्टाइन हे नाव पडलं तो १८८६ मध्ये वारल्यावर. म्हणजे ज्या किल्ल्यावरून गावाने हंस घेतला असं गाइड सांगतो, त्या किल्ल्याचं नावच मुळी त्या जुन्या हंसावरून आलंय.

(जुन्या नकाशांवर गोंधळ उडतो तो वेगळाच. मध्ययुगात श्वानस्टाइन हे नाव आज जिथे पिवळा किल्ला आहे त्या बाजूच्या गढीचं होतं, आणि होहेनश्वानगाऊ हे समोरच्या कड्यावरच्या किल्ल्यांचं. एकोणिसाव्या शतकाने नावांची अदलाबदल करून ठेवली. जुना दस्तऐवज वाचताना आधी शतक बघायचं, मग किल्ला ठरवायचा.)

तरीही तुमच्या गाइडला अगदीच मोडीत काढू नका. आज त्या परिसरात हॉटेलांच्या पाट्यांपासून कॉफीच्या मगांपर्यंत जिकडेतिकडे हंस आहे, त्यामागे लुडविगची पुण्याईच आहे. त्याचे राजवाडे २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आता तर हंसांचा पूर येईल. पण दुकानातला हंस आणि ढालीवरचा हंस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजाचं स्वतःचं अधिकृत चिन्ह हंस नव्हतंच. पुढच्या वेळी नॉयश्वानस्टाइनच्या प्रवेशद्वाराच्या लाल इमारतीकडे मान वर करून बघा. तिथे बव्हेरियाच्या राजाचं चिन्ह आहे, विटल्सबाख घराण्याच्या निळ्या-पांढऱ्या शंकरपाळ्यांचं.

आता बाबांच्या मुद्द्याकडे. हंस म्हटला की आपल्याला सरस्वती आणि नीरक्षीरविवेक आठवणार, त्यात वावगं काही नाही. पण तो अर्थ आपण सोबत नेलेला आहे. श्वानगाऊच्या सरदारांना त्याचा पत्ता नव्हता. रंगांचंही तसंच. लाल म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे पावित्र्य, निळा म्हणजे निष्ठा असे तक्ते तुम्हाला कितीतरी ठिकाणी मिळतील, आणि भेटवस्तूंची दुकानं ते चौकटीत घालून विकतात. हे अर्थ नंतरच्या लेखकांनी हौसेने जोडले, आणि दोन लेखकांचे तक्ते जुळतील याची खात्री नाही. रंग निवडताना खरा चालणारा नियम रोकडा आहे: सोनेरी आणि रुपेरी हे ‘धातू’, बाकीचे ‘रंग’, धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. कारण धुळीत, धावत्या घोड्यावर, दोनशे पावलांवरून ते दिसलं पाहिजे. हंस पांढरा, म्हणजे धातू. मागे लाल, निळा, काळा किंवा हिरवा एवढेच पर्याय उरतात, आणि लाल सर्वांत जास्त वापरात होता.

त्यामुळेच लाल ढालीवर पांढरा हंस एकट्या श्वानगाऊची मिरासदारी नाही. पार उत्तरेला, हाम्बुर्गशेजारच्या श्टोर्मार्नचं चिन्हही लालवर पांढरा हंसच आहे. फरक एवढाच की त्याच्या गळ्याभोवती सोन्याचा मुकुट आहे. डॅनिश राजघराण्याच्या मोठ्या चिन्हातही तो हंस घुसला, कारण तो मुलूख त्यांच्या ताब्यात होता. ऱ्हाइनच्या खालच्या भागात क्लेवचे सरंजामदार स्वतःला त्या दंतकथेतल्या हंस-सरदाराचे वंशजच म्हणवत, आणि त्यांच्या किल्ल्याचं नाव आजही हंसगड आहे. या तिघांचं एकमेकांशी नातं नाही. हंस सारखा, कधी रंगसुद्धा सारखे, तरी उगम वेगळे. म्हणून फोटो पाठवून नुसतं ‘हंसाचा अर्थ काय’ विचारलं की मी आधी गावाचा पत्ता विचारते.

ही पंचाईत चाकाच्या बाबतीत तर रोजची. तुम्ही माइन्स, आशाफेनबुर्ग, एरफुर्ट या बाजूला फिरलात तर गावोगावी लाल ढालीवर सहा आऱ्यांचं पांढरं चाक दिसेल. स्थानिक माणूस सांगेल, आमच्याकडे पूर्वी गाड्या बनवणारे सुतार होते. बहुतेक वेळा ते माइन्सच्या आर्चबिशपचं चाक असतं, म्हणजे गाव त्याच्या मुलखातलं होतं, एवढंच. त्या चाकाचीही एक दंतकथा आहे. आर्चबिशप विलिगिस हा गाडीवानाचा पोर, लोकांनी त्याला चिडवायला भिंतींवर चाकं काढली, त्याने तेच चिन्ह अभिमानाने घेतलं. गोष्ट ऐकायला छान, पण विलिगिस वारला १०११ मध्ये, आणि ढालीवरच्या चिन्हांची पद्धत त्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी सुरू झाली. शिवाय प्रत्येक चाक माइन्सचं नसतं. पाच आऱ्यांचं पांढरं चाक काळ्यावर असेल तर बेरलिखिंगेन घराणं आठवा, पांढऱ्यावर लाल असेल तर ओस्नाब्र्युकचा बिशप, चाकाला पाती असतील किंवा ते मोडकं असेल तर संत कॅथरिन, बाहेरून फळ्या बसवलेल्या असतील तर साधी पाणचक्की. आरे मोजायचे, रंग बघायचे, मग बोलायचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मध्ययुगात चिन्ह असायचं सरदाराचं, मठाचं, बिशपचं, शहराचं. खेड्याला स्वतःची ढाल क्वचितच असे. खेड्याकडे असायची खूण: हद्दीच्या दगडावर कोरलेली, नाहीतर गावच्या न्यायसभेच्या मुद्रेत. नैर्ऋत्य जर्मनीतल्या कितीतरी गावांची खूण म्हणजे नांगराचा फाळ. ज्यांनी मोडीतले जुने वतनाचे कागद पाहिलेत त्यांना पाटलाच्या नावापुढची ‘निशाणी नांगर’ आठवेल, तोच व्यवहार. शब्द नाही, सही नाही, कामाचं अवजार काढून मोकळे. मानहाइम १६०७ मध्ये शहर होण्याआधी खेडं होतं. त्याची हद्दीची खूण, लांडगे पकडायच्या लोखंडी गळासारखी दिसणारी, आजही शहराच्या ढालीच्या अर्ध्या भागात आहे. दुसऱ्या अर्ध्यात मालकाचा, म्हणजे पालाटिनेट या संस्थानाचा, सोनेरी सिंह. खालून आलेली खूण आणि वरून आलेलं चिन्ह एकाच ढालीत शेजारी-शेजारी बघायची असतील तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

खेड्यांना रीतसर ढाली मिळाल्या त्या मुख्यतः गेल्या सव्वाशे वर्षांत. १९००च्या आसपास बाडेनमध्ये कार्ल्सरूहेच्या सरकारी अभिलेखागाराने गावांसाठी ढालींचे आराखडे करून द्यायला सुरुवात केली. बव्हेरियात ओटो हुप नावाच्या चित्रकाराने आयुष्यभर गावांची आणि शहरांची चिन्हं काढली. त्याची चित्रं घराघरांत पोचली ती ब्रेमेनच्या काफे हाग या कॉफी कंपनीच्या चित्रसंग्रहांमुळे. गिऱ्हाइकांनी तिकिटांसारखी चित्रं जमवून वह्यांत चिकटवायची. हसू नका, कॉफीवाल्यांच्या त्या वह्या आजही आमच्या कपाटात आहेत आणि वेळेला कामी येतात. मग १९७०च्या दशकात खेड्यांची एकत्रीकरणं झाली. एकट्या बव्हेरियात सुमारे सात हजार ग्रामपालिकांच्या दोन हजारांवर आल्या. चार गावं एक झाली की ढालही एक. मग एकाचा फाळ, दुसऱ्याच्या चर्चमधल्या संताची खूण, तिसऱ्याची नदी असं सगळं तिच्यात कोंबलं जातं. तुमच्या राहत्या गावाची ढाल चार खणांची आणि गजबजलेली असेल तर बहुधा ती याच काळातली.

राजकारणही ढालीत शिरतं. कोबुर्ग शहराच्या ढालीवर त्याच्या संरक्षक संताचं, मौरिटिउसचं, कृष्णवर्णीय मस्तक आहे. नाझींनी १९३४ मध्ये ते काढून तलवार आणि स्वस्तिक घातलं, आणि १९४५ मध्ये मस्तक परत आलं. म्हणून फोटोतली ढाल कोणत्या सालची, हे मी नेहमी विचारते.

श्वानगाऊचं चिन्ह या सगळ्यापुढे फार सुटसुटीत आहे, आणि त्याचं कारणही सरळ. जहागिरीचं नाव, सरदारांचं नाव आणि गावाचं नाव एकच. सरदार गेले, पण त्यांचा हंस गावाला जसाच्या तसा शोभला. जोडीला काही घालावं लागलं नाही. पूर्वीच्या मालकाचं चिन्ह गावाने घेणं ही इथली सगळ्यात रुळलेली वाट आहे. बऱ्याचदा रंग बदलून किंवा एखादी खूण जोडून घेतात, म्हणजे कुणी गावाला घराणं समजू नये. घराणं संपलेलं असेल तर ती अडचण उरत नाही.

बव्हेरियातल्या इतर कुठल्या गावाचं असं शोधायचं असेल तर ‘हाउस डेर बायरिशेन गेशिष्टे’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर राज्यातल्या ग्रामपालिकांच्या ढाली, त्यांचं नेमकं वर्णन आणि इतिहास एकत्र दिलेला आहे. पहिली धाव तिकडे. त्यात समाधान झालं नाही तर गावच्या कार्यालयात जाऊन ठरावाची फाइल बघायला मागा. ढाल ठरवताना कुणी काय सुचवलं, अभिलेखागाराने कशाला नकार दिला, हे सगळं तिच्यात असतं. पर्यटनाच्या पत्रकांवर मात्र विसंबू नका. कित्येक गावं हल्ली ढालीऐवजी निराळाच लोगो मिरवतात, आणि लोक त्यालाच वापन समजतात.

राहिला टी-शर्ट. गावाची ढाल ही कुणीही उचलावी अशी नक्षी नाही. बव्हेरियाच्या ग्रामपालिका कायद्यात स्पष्ट लिहिलंय की त्रयस्थाला ती वापरायची तर ग्रामपालिकेची परवानगी हवी. मंडळ ना-नफा असलं तरी छापील कपडे वाटायचे किंवा विकायचे म्हणजे आधी विचारलेलं बरं. एक साधी ईमेल पुरते: तुम्ही कोण, कशावर, किती नग, पैसे घेणार का; सोबत चित्राचा नमुना जोडा. सहलीसारख्या कारणाला गावं सहसा आडकाठी करत नाहीत, पण कुणी परवानगीचं शुल्क सांगेल, कुणी नाही म्हणेल, ते त्या-त्या कार्यालयावर आहे. नाही म्हणाले तर ढाल सोडा आणि नुसता हंस तुमच्या चित्रकाराकडून काढून घ्या. हंसावर कुणाची मालकी नाही. मालकी आहे ती त्या ढालीवर.

आणि परवानगी मिळालीच, तर छापखान्याला एक गोष्ट बजावून सांगा. ढालीतले प्राणी बघणाऱ्याच्या डावीकडे तोंड करून असतात, कारण ढालीची उजवी-डावी बाजू ती हातात धरणाऱ्याच्या अंगाने मोजतात. टी-शर्टच्या मागच्या बाजूला ‘समोरासमोर छान दिसेल’ म्हणून हंस उलटा फिरवायचा मोह डिझाइनवाल्यांना फार होतो. तो फिरवू देऊ नका. गावाच्या कार्यालयात नमुना बघणाऱ्या माणसाच्या नजरेत पहिल्यांदा तेच भरेल.